डिकिन्सन, एमिली

एमिली डिकिन्सन (१० डिसेंबर १८३० – १५ मे १८८६) ही अमेरिकन कवयित्री मॅसॅचूसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट येथे जन्मली आणि तेथेच वारली. तिचे वडील एडवर्ड हे वकील व ॲम्हर्स्ट कॉलेजचे खजिनदार होते. १८४७-४८ मध्ये ती माउंट होलिओक येथील विद्यालयात होती, मात्र वर्षभरातच घरी परतली.

१८६० नंतर तिने हळूहळू घराबाहेर जाणे सोडले. पुढे ती पांढरी वस्त्रेच वापरू लागली. या एकांतवासाची कारणे म्हणून प्रेमभंग, नेत्रविकार (१८६४-६५ मध्ये तिने बॉस्टन परिसरात उपचार घेतले), आईचे दीर्घ आजारपण आणि अलीकडे अपस्मार अशी अनेक अनुमाने मांडली गेली आहेत. ‘मास्टर’ या संबोधनाने लिहिलेल्या तीन पत्रमसुद्यांतील व्यक्तीची ओळखही निर्विवाद ठरलेली नाही. तथापि पत्रव्यवहार तिने अखेरपर्यंत चालू ठेवला, हे पाहता लेखनासाठी तिने आपणहून राखलेले हे एकटेपण होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तिच्या हयातीत जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या, त्याही निनावी. १८६६ मध्ये एका वृत्तपत्राने तिच्या सापावरील कवितेत पदरचे विरामचिन्ह घातले, तेव्हा तिसऱ्या ओळीचा अर्थच मोडला, अशी तक्रार तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांच्याकडे केली. १८६२ मध्ये, आपली कविता जिवंत आहे काय, असे तिने पत्राने विचारले होते ते याच समीक्षकांना.

तिच्या काव्याचा पाठ, म्हणजे कवितांचे मूळ शब्दरूप, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साधारणतः १८५८ ते १८६४ या काळात तिने आठशेहून अधिक कविता स्वच्छ उतरवून काढल्या, दुमडलेल्या कागदांच्या कडेला भोके पाडली आणि दोऱ्याने ओवून चाळीस छोट्या वह्या बांधल्या. त्यांत एखाद्या शब्दापाशी अधिकाचे बारीक चिन्ह दिसते आणि कवितेच्या तळाशी पर्यायी शब्द दिलेले असतात. पुष्कळदा त्यांतला कोणताच खोडलेला नसतो. मृत्यूनंतर बहीण लव्हिनियाला हे लेखन सापडले. कुटुंबाच्या परिचयातील मेबल लूमिस टॉड व हिगिन्सन यांनी १८९० मध्ये काढलेल्या पहिल्या संग्रहात तिची आडवी चिन्हे (डॅश) बदलली, अपूर्ण यमके गुळगुळीत केली आणि शीर्षके दिली. वाचक मिळवून देण्याचे श्रेय या आवृत्तीला दिलेच पाहिजे. पण पाठाची हानी त्याहून मोठी आहे. तिने योजलेल्या प्रार्थनागीतांच्या ८ व ६ शब्दावयवांच्या (सिलॅबल) साध्या चालीला त्या चिन्हांनी दिलेले हिसके तीत लोपले.

टॉमस जॉन्सन यांच्या १९५५ च्या चिकित्सक आवृत्तीत १,७७५ कविता आहेत, तर राल्फ फ्रँकलिन यांच्या १९९८ च्या आवृत्तीत १,७८९. सुट्या झालेल्या वह्यांचा मूळ क्रम फ्रँकलिन यांनी कागदावरील डाग व टाक्यांची छिद्रे जुळवून लावला. हस्ताक्षराच्या वळणावरून ठरवलेल्या तारखा मात्र प्रत उतरविल्याच्या आहेत, रचनेच्या नव्हेत. भाऊ ऑस्टिन व मेबल टॉड यांच्या प्रेमसंबंधांतून घराण्यात जे वितुष्ट आले, त्यामुळे हस्तलिखितांचीही वाटणी झाली. ती आज मुख्यतः हार्व्हर्ड विद्यापीठ व ॲम्हर्स्ट कॉलेज येथे आहेत.