लॉजिस्टिक रिग्रेशन (आरोग्य संशोधनातील)

लॉजिस्टिक रिग्रेशन (समाश्रयण) : ज्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी दोनच उत्तरे असतात, त्यातील ‘हो’ची शक्यता अनेक घटकांवर कशी अवलंबून आहे हे एका सूत्रात मांडणारी सांख्यिकीय पद्धत. रोग झाला का, रुग्ण वाचला का, बाळ कमी वजनाचे जन्मले का, असे हे प्रश्न. आरोग्य संशोधन शिकणाऱ्यांपुढे सरळरेषीय रिग्रेशननंतर बहुधा हेच प्रारूप येते आणि पुष्कळ जण इथेच अडखळतात.

शक्यता ० आणि १ यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. सरळ रेषा मात्र बिनदिक्कत बाहेर जाते. म्हणून इथे शक्यतेऐवजी ऑड्सचा, म्हणजे घडण्याच्या शक्यतेला न घडण्याच्या शक्यतेने भागून येणाऱ्या संख्येचा, लॉगरिदम घेतात आणि घटकांची बेरीज त्याच्याशी जोडतात. परत शक्यतेकडे आले की इंग्रजी ‘एस’सारखा वक्र मिळतो. हा वक्र मुळात लोकसंख्यावाढीसाठी बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडला होता. ऑड्सच्या लॉगरिदमसाठीचा ‘लॉजिट’ हा शब्द जोसेफ बर्कसन यांचा, १९४४ चा.

रोगकारणांच्या अभ्यासात ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम हृदय अभ्यासाचा मोठा वाटा आहे. मॅसॅच्युसेट्समधील या गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी होत राहिली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशा अनेक घटकांचा एकत्र विचार करायचा तर कोष्टकातील घरे इतकी वाढत की बहुतेकांत मोजायला माणसेच उरत नसत. जेरोम कॉर्नफिल्ड व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सात घटक एकाच लॉजिस्टिक सूत्रात बसवले आणि ही अडचण सोडवली.

ऑड्स गुणोत्तराचा, म्हणजे दोन गटांच्या ऑड्सच्या भागाकाराचा, अर्थ लावण्यात सर्वाधिक चुका होतात. एका गटात १०० पैकी २० जणांना रोग झाला, दुसऱ्यात ४० जणांना. जोखीम दुप्पट. पण ऑड्स पहिल्या गटात २० ला ८०, म्हणजे ०.२५, दुसऱ्यात ४० ला ६०, म्हणजे ०.६७. गुणोत्तर येते २.६७. रोग विरळ असेल तर जोखमीची पट आणि ऑड्स गुणोत्तर हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. ॲनिमियासारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारात ‘धोका २.६७ पट’ असे लिहिणे सरळ चूक आहे.

कोणता घटक प्रारूपात घ्यायचा, हे संगणक सांगत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या अभ्यासात मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. कमी वजनाच्या बाळासाठी ऑड्स गुणोत्तर १.६ आले, विश्वास-अंतराल, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या मर्यादांत असावे असा अंदाज असतो ते अंतर, १.१ ते २.४. हे गुणोत्तर काढताना आईचे वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, वजन, ॲनिमिया, प्रसूतिपूर्व तपासणी यांच्याबरोबर गर्भकाळाचाही हिशेब धरला होता. शिकणाऱ्याने या शेवटच्या घटकापाशी थांबावे. याच अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांचा गर्भकाळ सरासरी ६.२ दिवसांनी कमी भरला होता. म्हणजे तो तंबाखू आणि वजन यांच्या मधल्या वाटेवर आहे. त्याला सूत्रात घेतले की वेळेआधी जन्मल्यामुळे घटलेले वजन बाजूला पडते आणि १.६ हा उरलेल्या परिणामाचा आकडा ठरतो. आर्थिक स्थितीचे तसे नाही. ती तंबाखूच्या सवयीच्याही मागे असते आणि बाळाच्या वजनाच्याही, म्हणून ती घ्यावीच लागते. कोणता घटक कोणावर परिणाम करतो याचे बाण कागदावर काढून मगच संगणकाला हात लावण्याची सवय सूत्र पाठ करण्याहून अधिक मोलाची आहे.

घटक कितीही घेता येत नाहीत. प्रत्येक घटकामागे किमान दहा घटना, म्हणजे रोग झाल्याची वा तत्सम ‘हो’ उत्तरे, हव्यात, हा ढोबळ नियम प्रबंधाच्या छोट्या नमुन्यात हमखास मोडतो.

आकडेमोड आर, स्टाटा, एसपीएसएस अशा सॉफ्टवेअरमध्ये क्षणात होते. यांपैकी आर मोफत आहे. सरावासाठी भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती खूप वापरली जाते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९–२१ मध्ये केलेल्या पाचव्या फेरीत सुमारे ६.३७ लाख कुटुंबे होती. मात्र ती एकेक सुटी निवडलेली नव्हती. आधी गावे वा शहरी वस्त्या निवडल्या, मग त्यांतली घरे. एकाच गावातल्या घरांचे पाणी, दवाखाना, पीकपाणी बरेचसे सारखे असते. नमुन्याचे भार (निवडलेले प्रत्येक घर किती घरांच्या वतीने मोजायचे ते आकडे) आणि हे समूह सूत्राला सांगितले नाहीत तर आकडे एका बाजूला झुकू शकतात आणि विश्वास-अंतराल खऱ्यापेक्षा अरुंद दिसते.