स्पेशालिटी ऑक्युपेशन : एच-१बी व्हिसासाठी पदाची पात्रता

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा मिळण्यासाठी नोकरीचे पद ज्या कायदेशीर कसोटीला उतरावे लागते, तिला ‘स्पेशालिटी ऑक्युपेशन’ म्हणतात. या कसोटीत आधी तपासले जाते ते पद; उमेदवाराची पदवी आणि अनुभव त्यानंतर. आयटीतल्या अनेकांना हे आरएफई, म्हणजे जादा पुराव्याची मागणी, हातात पडल्यावरच कळते, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो.

ही संज्ञा एच-१बी व्हिसाला १९९० च्या इमिग्रेशन ॲक्टने जोडली. विशिष्ट विषयातल्या उच्च ज्ञानाचा तात्त्विक आणि प्रत्यक्ष वापर ज्या कामात होतो आणि ज्यात शिरायला त्या विषयातली किमान बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीचे शिक्षण लागते, ते काम पात्र. नियमावलीत त्यासाठी चार निकष आहेत. अशा पदासाठी पदवी सर्वसाधारणपणे लागते, त्या उद्योगात तशा पदांना ती मागण्याची रीत आहे, ही कंपनी स्वतः ती नेहमी मागते, किंवा कामच इतके गुंतागुंतीचे आहे की त्याशिवाय जमणार नाही. यांपैकी किमान एक तरी दाखवावा लागतो. पिटिशन फॉर्म आय-१२९ वर कंपनी दाखल करते, आणि सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच असतो. दावा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता जास्त आहे, एवढे पटले तरी पुरते.

सर्वाधिक वाद झाला तो कॉम्प्युटर प्रोग्रॅमर या पदावर. अमेरिकी श्रम खात्याच्या व्यवसाय-मार्गदर्शक पुस्तिकेत बहुतेक प्रोग्रॅमरांकडे बॅचलर पदवी असते असे म्हटले होते. मात्र काही कंपन्या दोन वर्षांच्या असोसिएट पदवीवरही घेतात, अशी पुस्ती होती. ३१ मार्च २०१७ च्या आदेशानंतर यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज तपासणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा, या पुस्तीवर बोट ठेवून अर्ज फेटाळू लागली. डिसेंबर २०२० मध्ये इनोव्हा सोल्युशन्सच्या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही भूमिका मनमानी ठरवली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. ‘सर्वसाधारणपणे’ म्हणजे ‘नेहमीच’ नव्हे, हे १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमात आता स्पष्ट लिहिलेले आहे.

तरी पदाच्या नावावर विसंबणे धोक्याचेच. खरा पुरावा म्हणजे कामाचे वर्णन, आणि नेमके तेच अनेकदा उरकून टाकलेले असते. ‘डेटाबेसची देखभाल करणे’ या ओळीतून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी व्यवहारांच्या नोंदींसाठी डेटाबेसची रचना ठरवणे, मंद क्वेरींचे विश्लेषण करून इंडेक्स बदलणे, त्यात आठवड्याचा किती टक्के वेळ जातो आणि अभ्यासक्रमातला कोणता विषय तिथे कामी येतो, असे लिहिले की पदवीची गरज दिसू लागते. जोडीला आधीच्या भरतीच्या जाहिराती, कंपनीचा पदक्रम, त्याच पदावरच्या इतरांच्या पदव्या आणि तज्ज्ञाचे मत. तज्ज्ञाने कंपनीचेच शब्द उतरवलेले असतील तर त्या मताला वजन राहत नाही.

माणूस दुसऱ्याच्या ऑफिसात बसणार असेल तर गाठ आणखी घट्ट होते. डिफेन्सर विरुद्ध माइसनर या २००० सालच्या निकालाने, कर्मचारी पुरवणाऱ्या कंपनीपेक्षा ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम चालते त्याची पदवीची अट महत्त्वाची मानली. तो खटला नर्सांचा होता, पण झळ सॉफ्टवेअर सल्लागारांना बसली. २०२५ च्या नियमातही हेच तत्त्व आहे. म्हणून क्लायंट लेटरला, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीच्या पत्राला, इतके महत्त्व, आणि क्लायंट ते देत नाही तेव्हा होणारी घालमेल.

पदवीचा विषय कामाशी थेट जुळावा लागतो. रॉयल सियाम खटल्यात २००७ मध्ये, व्यवसाय प्रशासनासारखी सर्वसाधारण पदवी मागितल्याने पद विशेष ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. एलसीए, म्हणजे कंपनीने श्रम खात्याकडे भरलेल्या अर्जावरचा वेतनस्तरही ताडून पाहिला जातो. पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्तराचे वेतन दाखवून काम मात्र अत्यंत गुंतागुंतीचे म्हटले, तर विसंगती लगेच डोळ्यात भरते.

आरएफईला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. मुदतवाढ मिळत नाही आणि सारे पुरावे एकदाच, एकत्र पाठवावे लागतात.