पडलेली मिशी आणि पाडलेली मिशी

दर उन्हाळ्यात आमच्या धरमपेठेतल्या गच्चीवर हा वाद होतो आणि दर उन्हाळ्यात मी एकटा पडतो. मे महिन्यात नागपुरात रात्री साडेनऊलाही फरशी तापलेलीच असते. आधी चार बादल्या पाणी ओतायचं, मग चादर बांधायची, प्रोजेक्टर लावायचा आणि एखादा महाभिकार विज्ञानपट बघायचा, हा आमचा सोहळा. यंदा भाच्याने पेनड्राइव्ह आणला. "मामा, इतका वाईट आहे की भारीच आहे!" लावला, तर चक्रीवादळातून शार्क माशांचा पाऊस. मी म्हटलं, हा तो प्रकार नव्हे. तर म्हणे, "वाईट म्हंजे वाईट. त्यात काय प्रकार असून राहिले आता?"

असतात. दोन असतात, आणि एकाच्या नावावर दुसरा खपवला जातो याचा मला वैताग आलाय.

शार्कवाला प्रकार तुम्हाला माहीत आहे. २०१३ चा 'शार्कनेडो', मग २०१८ पर्यंत आणखी पाच भाग. नायक करवत घेऊन उडत्या शार्कच्या पोटात शिरतो आणि पोट फाडून बाहेर येतो. हे फोनवर सगळ्यांनी बघून झालंय. बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की आपण येडपटपणा करतोय, आणि तो त्यांनी रीतसर विकला. झालं.

दुसरा प्रकार मात्र नीट बघायला हवा. १९५३ चा 'रोबॉट मॉन्स्टर' घ्या. परग्रहावरून आलेल्या यंत्रमानवाने पृथ्वीवरची माणसं संपवली आहेत, मोजून आठ उरलीत. दिग्दर्शक फिल टकर याच्याकडे यंत्रमानवाचा पोशाख करायला पैसे नव्हते. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. टकरने त्याला तो घालायला लावला, डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण चढवलं, त्याला अँटेना लावली. झाला यंत्रमानव! गुहेत त्याचं संदेशयंत्र आहे आणि शेजारी साबणाचे बुडबुडे सोडणारं एक यंत्र. बुडबुडे कशासाठी, ते शेवटपर्यंत कळत नाही. श्रेयनामावलीत मात्र त्या यंत्राचा मानाने उल्लेख आहे. चार दिवसांत, साधारण १६ हजार डॉलरमध्ये चित्रीकरण आटोपलं. संगीत एल्मर बर्नस्टीनचं, ज्याला पुढे ऑस्कर मिळालं. त्याने या गोरिलासाठीही मन लावून काम केलंय, हे ऐकताना कळतं.

आणि हा गोरिला प्रेमात पडतो. उन्हात टेकडीवर उभा राहून, केसाळ हात हलवत, तो स्वतःला विचारतो की 'केलंच पाहिजे' आणि 'करवत नाही' या दोन गोष्टी आलेखावर कुठल्या बिंदूला भेटतात. आमच्या गच्चीवर इथे दरवेळी कोणीतरी हसता हसता आडवं होतं. पण वाक्य पुन्हा वाचा. कर्तव्य आणि मन यांची ओढाताण आहे ती. लिहिणाऱ्याला खरंच काहीतरी म्हणायचं होतं. म्हणायला त्याच्याजवळ फक्त एक गोरिला होता.

लोक अडखळतात ते नेमके इथे. त्यांना वाटतं, फरक पैशांचा आहे, किंवा काळाचा. पैशांचा नाही: २००० सालच्या 'बॅटलफिल्ड अर्थ'मध्ये जॉन ट्रव्होल्टा होता, पैसा भरपूर होता, तरी जवळजवळ प्रत्येक दृश्य कॅमेरा तिरका धरून घेतलंय. बघून मान आखडते. काळाचाही नाही: १९०२ मध्ये मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाने चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसवलं, ते जुनं आहे, वाईट नाही. आणि आपल्याकडे आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, 'चाँद पर चढाई' करून दारासिंग चंद्रावर पोचले होते, ते मला मनापासून आवडतात. जुना, स्वस्त आणि वाईट हे तीन वेगळे शब्द आहेत. एवढं पुरे.

खरा फरक सांगायला मला आमच्या शाळेचं गॅदरिंग लागतं. सहावीत अफझलखानाचा वध बसवला होता. खानाची मिशी डिंकाने चिकटवलेली. ऐन डरकाळीत ती सुटली आणि खाली पडली. पोरगा वाकला, मिशी उचलली, उलटी चिकटवली आणि डोळे तसेच वटारून पुढचं वाक्य म्हणाला. अख्खा हॉल फुटला. आज तीस वर्षं झाली, तो भेटला की आम्ही अजून हसतो. पुढच्या वर्षी त्याच पोराने मिशी मुद्दाम पाडली आणि प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला. पुढच्या रांगेतले चार जण हसले, तेही ओळखीतले.

मिशी तीच, डिंक तोच, पोरगाही तोच. पहिल्या वर्षी मिशी पडली, दुसऱ्या वर्षी पाडली. पहिल्या वेळी आपण हसतो ते, तो खान व्हायचं सोडत नाही म्हणून. दुसऱ्या वेळी खान उरलेलाच नसतो, हसायचं कोणाला?

सिनेमात हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. पडद्यावरचं एखादं पात्र 'हे काय भलतंच चाललंय' असं आपल्या वतीने बोलून टाकतं का? बोललं, की मिशी पाडलेली. दुसरी खूण कोणाला पटत नाही, पण मी तिच्यावर ठाम आहे: कंटाळा. अस्सल वाईट सिनेमात दहा-दहा मिनिटं काहीही घडत नाही, कारण काहीतरी घडतंय अशी दिग्दर्शकाची प्रामाणिक समजूत असते. मुद्दाम वाईट केलेला सिनेमा मात्र प्रेक्षक उठून जाईल या भीतीने दर दोन मिनिटांनी एक शार्क फेकतो.

आता कोणी म्हणेल, मुद्दाम केलेल्या गमतीशी तुझं वैर आहे. मुळीच नाही. मी नागपूरचा आहे, तान्ह्या पोळ्याला निघणारी मारबतीची मिरवणूक बघत वाढलोय. तिच्यातले बडग्ये, म्हणजे पुतळे, हसवायलाच केलेले असतात, वेडेवाकडे, बेढब. पण बडग्याच्या गळ्यात पाटी असते. महागाई, भ्रष्टाचार, कोणावर तरी राग असतो. १९७४ च्या 'डार्क स्टार'मध्ये परग्रहवासी म्हणून चक्क समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रबरी चेंडू आहे, खाली पाय लावलेला. मुद्दामच. पण ती थट्टा वर्षानुवर्षं यानात सडलेल्या, कंटाळलेल्या माणसांची आहे, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी डॅन ओबॅनन याने पुढे 'एलियन'ची पटकथा लिहिली. शार्कच्या गळ्यात कसलीच पाटी नाही. माझी तक्रार एवढीच.

आणि पडलेल्या मिशीचा राजा म्हणजे दिग्दर्शक एड वुड. त्याचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' १९५७ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. बेला लुगोसी हा त्यातला मोठा नट १९५६ मध्येच वारला होता. वुडकडे त्याचं आधीच घेतलेलं थोडंसं चित्रीकरण होतं. उरलेल्या भागात त्याने बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच, चेहरा अजिबात वेगळा, म्हणून सिनेमाभर झग्याने तोंड झाकून फिरतो. उडत्या तबकड्या ज्यांना टांगल्यात त्या तारा दिसतात. एकाच पाठलागात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. आणि या सगळ्यात परग्रहवासी कळकळीने सांगतो की तुम्ही माणसं एक दिवस सूर्यप्रकाशाचाच बॉम्ब कराल. हायड्रोजन बॉम्बच्या त्या दिवसांत ही भीती खोटी नव्हती.

१९८० मध्ये एका पुस्तकाने याला 'आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा' ठरवलं आणि मग तो जगभर गाजला. वुड १९७८ मध्येच गेला होता. १९९४ मध्ये त्याच्या आयुष्यावर निघालेल्या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली.

हे सगळं भाच्याला ऐकवून शार्क बंद केला आणि 'प्लॅन नाइन' लावला. स्मशानाचं दृश्य आलं. पोलीस धावला, थडगं हललं, गच्ची खदखदली. भाचा उठून म्हणाला, "मामा, थडगं नाही, चादर हलून राहिली. वारा आहे." मी म्हटलं, थडगंच. पैज लागली. दोघांनी दोन टोकं ताणून धरली, तिसऱ्याने खालची कड पायाखाली दाबली, दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं.

चादर जागची हलली नाही. थडगं हललं.