बिलावरची ती एक ओळ आणि फेब्रुवारी २०२१ चे पाच दिवस

ह्यूस्टन परिसरातल्या आमच्या घरगुती आणि छोट्या व्यावसायिक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे गॅसचं बिल तपासून घ्यायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. वादळ झालं २०२१ साली, आम्ही इथं राहायला आलो त्यानंतर दोन वर्षांनी, मग त्या वादळाचे पैसे आमच्याकडून कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

ज्या ओळीबद्दल विचारणा होते ती म्हणजे ‘कस्टमर रेट रिलीफ चार्ज’. फेब्रुवारी २०२१ च्या ‘उरी’ या हिवाळी वादळात गॅस वितरण कंपन्यांनी जो महागडा गॅस घेतला, त्याचा हा हप्ता आहे.

त्या दिवसांत नेमकं काय झालं

१५ फेब्रुवारीच्या पहाटे, दीडच्या सुमाराला, टेक्ससच्या वीज ग्रिडनं भारनियमन सुरू केलं. ग्रिड पूर्ण कोसळायला त्या वेळी जेमतेम साडेचार मिनिटं उरली होती. पुढच्या दिवसांत सुमारे ४५ लाख घरं-दुकानं अंधारात होती. राज्याच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसं दगावली. बिलाचा हिशेब सांगताना हा आकडा आम्ही आधी सांगतो, कारण ज्या गॅसच्या भावाबद्दल पुढे लिहिलं आहे त्या गॅसवर माणसांचे जीव अवलंबून होते.

आमच्या स्वतःच्या घरी गॅस एक क्षणही बंद झाला नाही. तरी घर गोठलं. हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा विजेवर. शेगडी काडी लावून पेटत होती, चहा उकळत होता आणि ओट्यापासून चार पावलांवर श्वासाची वाफ दिसत होती. (पुन्हा अशी वेळ आली तर शेगडीवर घर तापवू नका, कोळशाची शेगडी आत आणू नका, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये अनेक कुटुंबांना ही विषबाधा झाली.)

गॅस कमी का पडला? विहिरीतून गॅसबरोबर पाणीही वर येतं. विहिरीच्या तोंडाशी आणि गॅस गोळा करणाऱ्या बारीक नळ्यांत ते पाणी गोठलं. रस्त्यांवर बर्फ, त्यामुळे पाणी उपसून नेणारे टँकर पोचेनात. त्यात वीज गेली, आणि गॅस दाबून पुढे पाठवणारी काही केंद्रं, ज्यांची वीज तोडायची नाही अशा ‘अत्यावश्यक’ यादीत नोंदलेलीच नसल्यानं तीही बंद पडली. म्हणजे गॅस नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून गॅस नाही. टेक्ससचं दिवसाचं उत्पादन सुमारे २१ अब्ज घनफुटांवरून १७ फेब्रुवारीला १२ अब्जांच्या खाली आलं, जवळजवळ निम्मं.

भाव कसा चढला

गॅसचा घाऊक भाव ‘एमएमबीटीयू’ या उष्णतेच्या मापावर ठरतो. आपल्या लोकांना समजेल असं सांगायचं तर एक एमएमबीटीयू म्हणजे उष्णतेच्या हिशेबानं भारतातले साधारण दीड घरगुती सिलिंडर. वादळाआधी हा भाव ३ डॉलरच्या आसपास होता. वादळात ह्यूस्टन शिप चॅनल या गॅसच्या खरेदी-विक्रीच्या केंद्रावर तो ४०० डॉलरपर्यंत गेला. शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात अशाच एका केंद्रावर हजाराच्या वर गेला. सगळ्या देशाचा भाव ज्यावर मोजला जातो ते हेन्री हब हे केंद्र मात्र लुइझियाना राज्यात, आणि तिथं भाव २४ डॉलरच्या आतच राहिला. एकाच देशात, काहीशे मैलांवर, इतका फरक! कारण गॅस नळातूनच यावा लागतो, आणि तुमच्याकडे येणाऱ्या नळात तो नसेल तर दुसरीकडच्या स्वस्ताईचा उपयोग नाही.

कॅलेंडरनंही घोळ वाढवला. १५ फेब्रुवारीचा सोमवार प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा होता. त्यामुळे शनिवार ते मंगळवार अशा चारही दिवसांच्या गॅसचा सौदा शुक्रवारी, १२ तारखेलाच होत होता. गोठण किती वाढेल हे कुणालाच माहीत नसताना खरेदीदार हाती लागेल तो गॅस मागेल त्या भावानं घेत होते. त्याच शुक्रवारी रेलरोड कमिशननं आदेश काढला की घरं, दवाखाने, शाळा यांना गॅस आधी द्यायचा. (नावात रेल्वे असली तरी टेक्ससमध्ये तेल आणि गॅसचा कारभार हेच मंडळ बघतं.) तो आदेश योग्यच होता. पण पुरवठा करायचाच म्हटल्यावर भावासाठी थांबायची सोय वितरण कंपनीला उरली नाही.

मग भांडणं

पहिलं भांडण विकणारा आणि घेणारा यांच्यात. विहिरी गोठल्या, आमचा नाइलाज होता, असं म्हणत अनेक विक्रेत्यांनी करारातलं ‘फोर्स मेजर’ म्हणजे आपत्तीचं कलम पुढे केलं. घेणारे म्हणाले, बाजारात गॅस होता, महाग का होईना, तो विकत घेऊन आम्हाला द्यायचा होता. २०२४ मध्ये मीको (घेणारी कंपनी) विरुद्ध पायोनियर (विकणारी कंपनी) या खटल्यात पाचव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयानं म्हटलं की या कलमासाठी पुरवठा अक्षरशः अशक्य झाला असं दाखवावं लागत नाही. छोट्या ग्राहकाच्या दृष्टीनं ही गोष्ट मोठी आहे. करार ‘पक्क्या’ पुरवठ्याचा असला तरी आपत्तीचं कलम त्यात कसं लिहिलंय, यावर सगळं ठरतं.

दुसरं भांडण भावाचं. सॅन अँटोनियोच्या नगरपालिकेच्या मालकीच्या सीपीएस एनर्जीनं २०२१ मध्येच गॅस पुरवठादारांवर दावे ठोकले की आणीबाणीत अवाच्या सवा भाव लावला. दुसरीकडे पाइपलाइन कंपनी एनर्जी ट्रान्सफरनं त्या वादळातून सुमारे २.४ अब्ज डॉलरचा फायदा झाल्याचं जाहीर केलं. आमचं मत स्पष्ट आहे: ज्या आठवड्यात लोक गारठून मेले, त्या आठवड्यात गॅसच्या भावाला कमाल मर्यादा हवी होती. विजेला तरी ती होती, आणि तीही युनिटला ९ डॉलर.

तिसरं प्रकरण तुमच्या बिलाचं. वितरण कंपनी गॅस ज्या भावानं घेते त्याच भावानं तुम्हाला देते, त्यावर नफा लावत नाही. म्हणजे तो सगळा खर्च एकदम तुमच्यावर आला असता. हिशेब करून बघा: त्या पाच दिवसांत एका घरात ३ एमएमबीटीयू जळला आणि तो सगळा ४०० नं घेतलेला असता, तर ९ डॉलरच्या जागी १,२०० डॉलर. (प्रत्यक्षात साठ्यातला आणि महिन्याच्या ठरलेल्या भावाचा गॅसही त्यात होता.) म्हणून हा खर्च अनेक वर्षांत विभागून घेण्यासाठी विधिमंडळानं २०२१ मध्ये कायदा केला, रेलरोड कमिशननं खर्च तपासून सुमारे ३.४ अब्ज डॉलर मंजूर केले आणि मार्च २०२३ मध्ये सुमारे साडेतीन अब्जांचे रोखे काढले गेले, म्हणजे तेवढं कर्ज उभारलं गेलं. त्यांची फेड तुमच्या-आमच्या बिलातून होते. कायद्यानं कमाल मुदत ३० वर्षं.

ही आकारणी माणसामागे नसून वापरलेल्या गॅसमागे आहे. म्हणून २०२१ मध्ये इथं नसलेल्यांनाही ती लागते, आणि वादळ सोसून राज्य सोडून गेलेल्यांना लागत नाही. आम्हाला हे न्याय्य वाटत नाही, पण ती कायदेशीर आहे आणि अर्ज करून माफ होत नाही. कुणी ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

हॉटेल, डबे किंवा मिठाईचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी

तुम्ही गॅस वितरण कंपनीकडून न घेता व्यापाऱ्याकडून करारानं घेत असाल, तर थंडीच्या आधी चार गोष्टी आमच्याकडून बघून घ्या. भाव ठरलेला आहे, महिन्याच्या पहिल्या तारखेच्या निर्देशांकावर (म्हणजे बाजाराच्या जाहीर भावावर) आहे, की रोजच्या? रोजच्या भावाचा करार अकरा महिने स्वस्त पडतो आणि एका आठवड्यात वर्षभराची बचत खाऊन टाकतो. पुरवठा पक्का आहे की टंचाईत तोडता येणारा? ठरल्यापेक्षा जास्त गॅस जाळला तर दंड किती? आणि आपत्तीच्या कलमात ‘भाव वाढला’ हे कारण स्पष्टपणे वगळलं आहे का?

येताना कराराचं फक्त पहिलं पान आणू नका. भाव आणि दंड बहुतेक वेळा मागच्या पुरवणीत, बारीक अक्षरात असतात. तीही आणा, शिवाय मागच्या बारा महिन्यांची बिलं.