पेस्ट कंट्रोल व्यवसायाचा विमा

झुरळं, उंदीर, ढेकूण, वाळवी यांचा बंदोबस्त करून देणारी कंपनी स्वतःच्या संरक्षणासाठी ज्या चार-पाच पॉलिसी घेते, त्या सगळ्या मिळून पेस्ट कंट्रोल व्यवसायाचा विमा होतो. एकच पॉलिसी घेतली की झालं असं इथे चालत नाही, कारण दुसऱ्याच्या घरात जाऊन विषारी औषध मारायचं हाच मुळी धंदा, आणि साधी पॉलिसी नेमकं तेच वगळून बसलेली असते.

सुरुवात होते जनरल लायबिलिटीपासून. आपल्या कामामुळे तिसऱ्याला इजा झाली किंवा त्याची वस्तू खराब झाली तर ही भरपाई देते. फवारणीच्या पाईपात पाय अडकून कोणी पडलं, तर काही अडचण नाही. पण हॉलमधली माशांची टाकी झाकायची राहिली आणि सकाळी सगळे मासे उलटे तरंगताना दिसले (पायरेथ्रॉइड औषधं माणसाच्या मानाने माशांना फारच जहाल असतात), तर विमा कंपनी प्रदूषणाने झालेलं नुकसान वगळणाऱ्या कलमावर बोट ठेवू शकते. हे कलम खरं तर कारखान्यांच्या घातक कचऱ्याचे मोठमोठे दावे यायला लागले म्हणून कडक केलं गेलं, अमेरिकेतल्या स्टँडर्ड पॉलिसीत ते 1986 मध्ये आलं, पण त्याची भाषा इतकी मोघम की कीटकनाशकही त्यात ओढलं जातं. म्हणून कीटकनाशक वापरणाऱ्यांसाठीचं वेगळं एंडोर्समेंट (मूळ पॉलिसीच्या अटी बदलणारी पुरवणी) जोडून घ्यावं लागतं, आणि त्यातही बहुतेक वेळा अट असते की काम लायसन्स आणि नियमांप्रमाणेच झालेलं हवं. लेबलवर लिहिलंय त्याच्या दुप्पट डोस मारला असेल तर क्लेम अडकलाच म्हणून समजा.

धुरी म्हणजे फ्युमिगेशन हा आणखी वेगळा विषय, बऱ्याच पॉलिसी तो सरळ बाहेर ठेवतात किंवा त्याचा प्रीमियम वेगळा लावतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो, तो जीवघेणा तर आहेच पण तांब्यालाही गंजवतो, त्यामुळे गोदामात उंदीर-किडे मेले आणि सोबत कंट्रोल पॅनलही गेलं असं होऊ शकतं. औषध न वापरता उष्णतेने ढेकूण मारणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. खोली 50 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि छतातले नेहमीचे लाल काचेचे स्प्रिंकलर साधारण 68 अंशाला फुटतात, मधलं अंतर किती कमी आहे बघा, छताजवळची हवा तर आणखी तापलेली असते. एक फुटला तरी खालच्या मजल्यापर्यंत पाणी!

वाळवीची तपासणी करून रिपोर्ट देणाऱ्यांना प्रोफेशनल लायबिलिटी म्हणजे एरर्स अँड ओमिशन्स हवीच. इथे काही सांडत नाही, कोणी आजारी पडत नाही, फक्त कागदावर "वाळवी आढळली नाही" लिहिलेलं असतं, त्या भरवशावर कोणीतरी घर घेतो आणि दोन वर्षांनी दाराच्या चौकटीत बोट घातलं तर आरपार जातं. जनरल लायबिलिटी अशा चुकलेल्या सल्ल्याला सहसा हात लावत नाही.

बाकी गाडीचा विमा (गाडीत औषधाचे कॅन असतात हे विमा कंपनीला आधीच सांगितलेलं बरं, आणि अपघातात ते सांडले तर सफाईचा खर्च कोण देणार हेही विचारून घ्यायचं), शिडीवरून पडणाऱ्या किंवा औषध अंगावर उडालेल्या कामगारांसाठी भरपाईची पॉलिसी, आणि मशीन चोरीला गेलं तर त्याची, हे इतर धंद्यांसारखंच.

फसगत जास्त होते ती तारखांवरून. एरर्स अँड ओमिशन्स बहुधा क्लेम्स-मेड असते, म्हणजे तपासणी केली त्या दिवशी नाही तर दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि शिवाय काम रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचं (पॉलिसीत लिहिलेली अशी तारीख, जिच्या आधीच्या कामाला संरक्षण नसतं) असावं लागतं. वाळवीला तर घाई नसते, त्यामुळे प्रीमियम वाचवायला मध्येच पॉलिसी सोडली किंवा धंदाच बंद केला, तर जुन्या रिपोर्टांवरचे दावे मालकाच्या खिशातून जातात. ते टाळायचं तर टेल कव्हर (पॉलिसी संपल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं संरक्षण) विकत घ्यावं लागतं आणि ते बऱ्यापैकी महाग पडतं.