नाकतोड्यांचे बुरशीद्वारे जैविक नियंत्रण : कोकणातील भातशेती

नाकतोडे व टोळ यांना रोग जडवून मारणाऱ्या बुरशीचे बीजाणू पिकावर, गवतावर किंवा जमिनीत पसरून किडीची संख्या आटोक्यात ठेवण्याची पद्धत. जिवाणू आणि विषाणू सहसा खाण्यातून किडीच्या पोटात जावे लागतात. बुरशीचा बीजाणू नुसता अंगाला चिकटला तरी पुरतो. या कामासाठी मेटारायझियम आणि बिव्हेरिया या दोन प्रजाती मुख्यतः वापरल्या जातात. नाकतोडे व टोळ यांच्यापुरती जवळजवळ मर्यादित असलेली जात म्हणजे मेटारायझियम ॲक्रिडम.

कोकणात खरीप भातावर हायरोग्लायफस बनियन आणि ऑक्सिया प्रजातीतील नाकतोडे आढळतात. पावसाळा सरताना हायरोग्लायफसची मादी बांधाच्या मातीत शेपटीकडचा भाग खुपसून अंड्यांचा पुंजका घालते. सोबतचा फेसाळ स्राव सुकून त्यावर आवरण होते. अंडी उन्हाळाभर मातीत राहतात आणि मृगाच्या पावसानंतर फुटू लागतात. पिल्ले आधी बांधावरचे गवत खातात, लावणी झाली की खाचरात उतरतात. म्हणून नुकसान कडेच्या ओळींपासून सुरू होते. पाने कडेने कुरतडली जातातच, पण पीक पोटरीत आल्यावर किंवा लोंबी बाहेर पडल्यावर कोवळे देठ तोडले गेले की ते भरून येत नाही. कोकणातील खाचरे लहान आणि उतारावर पायऱ्यांसारखी, त्यामुळे पिकाच्या मानाने बांध फार. नाकतोड्याचे माहेर म्हणजे हा बांधच, आणि बुरशीचा विचारही तिथूनच करावा लागतो.

बीजाणूचे कवच पाणी झटकणारे असते, म्हणून तो किडीच्या तेलकट त्वचेला घट्ट धरतो. तिथे तो रुजतो, टोकाला चकतीसारखा फुगवटा तयार करतो, आणि प्रथिने व कायटिन (किडीच्या त्वचेचा कडक घटक) विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडत, दाबही देत, त्वचा भेदतो. आत किडीच्या रक्तात बुरशीचे तुकडे वाढत जातात आणि अन्नद्रव्ये संपवतात. तीन-चार दिवसांत नाकतोड्याचे खाणे मंदावते. मरण साधारण एक ते तीन आठवड्यांत येते. हवा दमट असेल तर मेलेल्या किडीच्या सांध्यांतून पांढरे तंतू बाहेर पडतात आणि मेटारायझियम असेल तर त्यांवर हिरवी भुकटी धरते. हीच पुढच्या संसर्गाची शिदोरी. हवा कोरडी असली तर कीड मरते, पण भुकटी धरत नाही आणि साथ तिथेच थांबते.

नाकतोडा मात्र गप्प बसत नाही. बुरशी लागलेला नाकतोडा उन्हात जाऊन बसतो आणि अंगाचे तापमान 40 अंश सेल्सियसच्या आसपास नेतो. मेटारायझियमला 28 ते 30 अंश मानवतात, 38च्या पुढे तिची वाढ खुंटते. माणसाला ताप आपोआप येतो, नाकतोडा तो उन्हातून मिळवतो. स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात या उपायाने तो कित्येक दिवस मरण लांबवतो. आषाढ-श्रावणातल्या कोकणात त्याला हे ऊन मिळणार कुठून? सलग ढगाळ दिवस, 25 ते 30 अंशांची हवा आणि ओलसर गवत ही परिस्थिती बुरशीच्या बाजूची आहे. उन्हातील अतिनील किरण उघड्यावरचे बीजाणू मारतात, तीही अडचण या दिवसांत कमी असते.

पण त्याच पावसात अडचणही आहे. फवारणीनंतर लगेच कोसळलेली सर बीजाणू धुऊन नेते. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग पूर्ण उलट हवामानातला आहे. 1985 ते 1989 दरम्यानच्या वाळवंटी टोळांच्या लाटेत आफ्रिकेत रासायनिक कीटकनाशकांची प्रचंड फवारणी झाली. त्यानंतर 1989 मध्ये लुबिलोसा हा आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्प सुरू झाला. नायजरमध्ये 1988 साली एका नाकतोड्यावर सापडलेल्या बुरशीच्या वाणापासून ‘ग्रीन मसल’ हे उत्पादन तयार झाले. ऑस्ट्रेलियात त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाचे ‘ग्रीन गार्ड’ आले. या संशोधनातील कळीची गोष्ट तेल होती. बीजाणू पाण्यात नव्हे तर तेलात मिसळून अगदी बारीक थेंबांत फवारले, तर कोरड्या हवेतही ते किडीच्या अंगावर रुजतात. हेक्टरी सुमारे 50 ग्रॅम बीजाणू पुरतात. टांझानियात 2009 मध्ये तांबड्या टोळांवर सुमारे 10,000 हेक्टरवर हीच बुरशी फवारली गेली आणि 2020 मध्ये सोमालियात वाळवंटी टोळांवर ती मोठ्या प्रमाणात वापरली गेली. त्या वर्षी मे महिन्यात विदर्भात आलेली धाड याच वाळवंटी टोळांची. कोकणाला लागून असलेल्या सह्याद्रीचा संबंध वेगळ्या टोळाशी आहे : ‘मुंबई टोळ’ या नावाने ओळखली जाणारी जात थंडीच्या दिवसांत घाटातल्या जंगलांत आश्रय घेई, आणि 1901 ते 1908 या काळात तिच्या धाडी पडल्या. आजचा कोकणातला प्रश्न धाडीचा नाही, बांधावरच्या रहिवासी नाकतोड्यांचा आहे. त्यांच्यासाठी विमान नको, पाठीवरचा पंप पुरे.

भारतीय बाजारात मिळणाऱ्या बहुतेक भुकट्या मेटारायझियम ॲनिसोप्ली आणि बिव्हेरिया बासियाना यांच्या असतात. ॲक्रिडमइतक्या त्या नाकतोड्यांवर अचूक नाहीत, हे डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा महत्त्वाचे आहे. बिव्हेरिया तर रेशीमकिड्यालाही मारते; 1835 साली इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी रेशीमकिड्यांचा पांढरा रोग या बुरशीमुळे होतो असे दाखवले, आणि सूक्ष्मजीवांमुळे प्राण्यांना रोग होतो याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक ठरला. मेटारायझियमची ओळख पुढची : 1879 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरील भुंगेऱ्यांवर ती वापरून पाहिली.

फवारणीची वेळ म्हणजे पिल्ले लहान आणि बांधावर गोळा असताना, लावणीच्या मागेपुढे. मोठा, पंख फुटलेला नाकतोडा उडून जातो आणि मरेपर्यंत खायचे तेवढे खातोच. संध्याकाळची उघडीप पाहून गवताच्या बुडापर्यंत फवारा पोचवावा. उन्हाळ्यात बांध छाटून अंड्यांचे पुंजके उघडे पाडण्याची जुनी पद्धत सोडू नये. उन्हाने आणि पक्ष्यांनी जेवढी अंडी संपतात तेवढे बुरशीचे काम हलके होते.

याच दिवसांत सुपारीच्या बागांत कोळेरोगावर बोर्डो मिश्रण आणि भातावर करप्यासाठी कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेब मारले जाते. बुरशीनाशकाला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकत्र मिसळू नयेत, फवारण्यांत काही दिवसांचे अंतर ठेवावे आणि पंप धुतल्याशिवाय वापरू नये. बीजाणू जिवंत असल्याने साठवण हाही मोठा प्रश्न आहे. माडीवर पत्र्याखाली ठेवलेले पाकीट उन्हाळ्यात तापून आणि पावसाळ्यात सर्दून निकामी होते. मुदत पाहून, त्या हंगामापुरतेच आणलेले बरे.

नारळाच्या बागाइतदाराला ही हिरवी बुरशी नवी नाही. गेंडा भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, आणि तिथे दर घनमीटरला 5 × 10¹¹ बीजाणू मिसळण्याची शिफारस आहे. त्यासाठी बुरशी अर्धवट शिजवलेल्या तांदळावर किंवा वाया जाणाऱ्या नारळपाण्यावरही वाढवता येते. खत उकरताना हिरवी पडलेली कडक अळी हाती लागते, तेव्हा औषध लागू पडल्याचे समजते.