थारच्या वाळवंटातली प्रागैतिहासिक वस्ती

थारच्या वाळवंटातली प्रागैतिहासिक वस्ती म्हणजे आजच्या पश्चिम राजस्थानात माणूस लाखो वर्षं येऊन-जाऊन राहिला, त्याच्या दगडी हत्यारांतून, चुलींतून आणि हाडांतून कळणारी गोष्ट. येऊन-जाऊन हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण थार कायम असंच कोरडं नव्हतं. हे वाळवंट मान्सूनच्या अगदी काठावर बसलंय, पूर्वेला अरवलीकडे पाऊस बऱ्यापैकी आणि पश्चिमेला जैसलमेरकडे अगदी नावापुरता, त्यामुळे मान्सून जरा जोरात आला की काठ पश्चिमेला सरकायचा, गवत उगवायचं, तळी भरायची, हरणं-गुरं यायची आणि त्यांच्या मागे माणसं. मान्सून ढेपाळला की सगळं उलट.

हे सगळं उजेडात आणण्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा वाटा फार मोठा आहे, आणि मराठी वाचकांना हे फारसं माहीत नसतं याचं वाईट वाटतं. पुरातत्त्वज्ञ वी. एन. मिश्रा आणि भूपुरातत्त्वज्ञ (जमिनीच्या थरांवरून पुरातत्त्व अभ्यासणारे) एस. एन. राजगुरू यांनी सहकाऱ्यांसोबत वर्षानुवर्षं राजस्थानच्या उन्हात काम केलं, लुणी नदीच्या काठाने हत्यारं शोधली, डीडवाना परिसरात खणलं. त्याच काळात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ब्रिजेट ऑलचिन, भूगोलतज्ज्ञ अँड्र्यू गाउडी आणि बडोद्याचे के. टी. एम. हेगडे यांनी पुष्करजवळच्या बुढा पुष्कर तळ्याभोवतीच्या वाळूच्या टेकड्या पालथ्या घातल्या आणि तिथेही हत्यारं मिळाली.

सगळ्यात गाजलेली जागा म्हणजे पूर्वीच्या नागौर जिल्ह्यातलं डीडवाना. गावाला खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे, तिथे आजही मीठ काढतात. जवळच एका वाळूच्या टेकडीत (राजस्थानात तिला टिब्बा किंवा धोरा म्हणतात) डेक्कन कॉलेजने १९८० च्या दशकात जवळपास १८ मीटर खोल खड्डा घेतला, या जागेला १६-आर असं नाव आहे. आत काय निघालं, तर वाळूचे थर आणि मध्येमध्ये कंकरचे म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या गाठींचे थर, आणि या थरांत खालून वर वेगवेगळ्या काळातली दगडी हत्यारं. वाळू साचायची थांबते, टेकडी स्थिर होते, वर गवत-झुडपं येतात, पावसाचं पाणी खाली झिरपून चुना जमतो, तेव्हा कंकर तयार होतो, मग पुन्हा वारा सुटतो आणि त्यावर नवी वाळू. म्हणजे ती टेकडी उभी कापली की सुमारे दोन लाख वर्षांच्या हवामानाची वहीच उघडते.

हा काळ मोजला कसा, तर वाळूच्या कणांवरून. वाळूचा कण उन्हात असतो तोवर त्यात साठलेली ऊर्जा पुसली जाते, एकदा का तो गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सर्गामुळे ती परत हळूहळू साठायला लागते, लॅबमध्ये त्या कणाला उष्णता किंवा प्रकाश दिला की तो चमकतो आणि त्या चमकेवरून शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले ए. के. सिंघवी यांनी थारच्या वाळूवर हे काम केलं.

त्यातून एक गोष्ट अशी निघाली की ती पहिल्यांदा वाचताना पटत नाही. आपल्याला वाटतं जास्तीत जास्त कोरडा काळ म्हणजे जास्तीत जास्त वाळूच्या टेकड्या. पण थारमध्ये वाळू उडवणारा वारा हा मान्सूनचाच वारा आहे, उन्हाळ्यात पावसाआधी नैऋत्येकडून सुटतो तो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा मान्सूनच कमजोर, मग वाराही कमजोर, जमीन कोरडी ठणठणीत पण टेकड्या फारशा वाढत नव्हत्या. डीडवानाच्या तळ्यात तेव्हा पाणी अति खारट झालं होतं, त्या काळातले मिठाचे थर तळाशी सापडतात. नंतर साधारण १७ ते १४ हजार वर्षांपूर्वी वारा परत जोर धरू लागला पण झाडोरा अजून आला नव्हता, आणि खऱ्या टेकड्या उभ्या राहिल्या त्या तेव्हा. म्हणजे टेकड्या हवामान बदलत असतानाच्या मधल्या काळातल्या आहेत. या कडक काळातल्या वस्तीच्या खुणा थारमध्ये विरळ आहेत.

डीडवानाजवळच सिंगी तलाव नावाची जागा आहे. तिथे उथळ पाण्याच्या काठी माणसं बसायची आणि जवळच्या टेकड्यांतून आणलेल्या दगडाच्या हातकुऱ्हाडी घडवायची, या हत्यारांच्या परंपरेला अश्यूलियन म्हणतात. क्लेअर गायार आणि मिश्रा यांच्या उत्खननात इथे सहा छोटे स्फटिक मिळाले, कुठलंही काम न केलेले, हत्यार करायला निरुपयोगी इतके लहान. ते तिथे आपोआप आलेले दिसत नाहीत, कोणीतरी आवडले म्हणून उचलून आणले असावेत असं अभ्यासकांनी मांडलं. मला या सगळ्या नोंदीत ही सहा खड्यांची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. आधी ही जागा फार जुनी समजली जायची, पण २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात तिथली अश्यूलियन वस्ती सुमारे १ लाख ७७ हजार वर्षांपूर्वीची ठरली, म्हणजे जगातल्या सगळ्यात उशिरापर्यंत टिकलेल्या अश्यूलियन जागांपैकी ही एक. त्या वेळी आफ्रिकेत आपल्यासारखी माणसं आलेली होती, इथे मात्र हातकुऱ्हाडी चालूच.

नागौरकडच्या कटोती इथली हत्यारं त्यानंतरची, मध्य पुराश्मयुगातली, साधारण ९५ हजार वर्षांपासूनची. जेम्स ब्लिंकहॉर्न आणि सहकाऱ्यांनी त्यांचं आफ्रिकेतल्या हत्यारांशी साम्य दाखवून आधुनिक माणूस इथे तेव्हाच पोचला असावा असं म्हटलंय. पण सोबत माणसाचं हाड नाही, फक्त दगड आहेत, म्हणून वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा.

पाऊस परत चांगला झाला तो गेल्या दहा हजार वर्षांत. या काळात टेकड्यांवर आणि नदीकाठी गारगोटी व चर्ट नावाच्या कडक दगडाची नखाएवढी बारीक हत्यारं सापडतात, लाकडात किंवा हाडात खाच करून ती ओळीने बसवायची आणि बाण, विळा काय हवं ते तयार करायचं. बाडमेरकडचं लुणीकाठचं तिलवाडा असंच. त्याहून मोठी जागा बागोर, भीलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीच्या काठी, महासती नावाच्या वाळूच्या टेकाडावर. बागोर खरं तर अरवलीच्या पलीकडे, मुख्य वाळवंटात नाही, पण थारच्या काठावरच्या जगण्याचं चित्र इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं आत कुठे दिसत नाही. मिश्रांनी १९६८ ते १९७० मध्ये इथे खणलं. सगळ्यात खालची वस्ती इसवी सनपूर्व ५००० च्या आसपासची, लोकांनी दगड आणून जमीन फरसबंद केलेली, प्राण्यांची हाडं ढिगांनी आणि त्यात शेळ्या-मेंढ्यांची जास्त. शेळ्या-मेंढ्यांचे रानटी पूर्वज या मैदानात नव्हते, म्हणजे ती पाळीव असणार आणि पश्चिमेकडून आली असणार असा एक तर्क, काहींना तो मान्य नाही. त्यानंतरच्या थरात मडकी आली, एका दफनात तांब्याची बाणाची टोकं मिळाली, पण नखाएवढी दगडी हत्यारंही सुटली नाहीत, शिकार आणि गुरं दोन्ही सोबतच चालू.

पाऊस आला की माणूस आला, पाऊस गेला की माणूस गेला, हा हिशोब मात्र नेहमी जुळत नाही. १९७० च्या दशकात गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना, लूणकरणसर या तळ्यांच्या गाळातले परागकण तपासले आणि हडप्पा संस्कृती ओल्या काळात फुलली, तळी आटल्यावर ढासळली असं मांडलं. १९९९ मध्ये लूणकरणसरच्या गाळाचं बारकाईने कालमापन झालं तेव्हा दिसलं की तिथलं पाणी हडप्पाची नगरं भरभराटीला यायच्या जवळपास हजार वर्षं आधीच आटलं होतं. थारच्या उत्तर काठावरच्या घग्गर नदीच्या पात्राचंही तसंच, २०१७ च्या अभ्यासाप्रमाणे सतलजने तो मार्ग ८ हजार वर्षांपूर्वीच सोडला होता आणि कालीबंगासारखी हडप्पाकालीन गावं मोठ्या हिमालयीन नदीच्या काठी नाही तर तिने सोडलेल्या जुन्या दरीत वसली, जिथे पावसाळी पाणी येत होतं, माती सुपीक होती आणि मोठ्या पुराची भीती नव्हती. कोरडं होत चाललेल्या जागेत लोकांनी जाणूनबुजून शेती मांडली, हे मला पावसामागे फिरण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बिकानेरजवळ नाल इथल्या खाणीतही अशीच हरवलेली नदी सापडली. आज आसपास नदीचा मागमूस नाही, पण वाळू-खडीच्या थरांच्या मापनाने १ लाख ७२ हजार वर्षांपूर्वी तिथे पाणी वाहत होतं हे २०२० मध्ये समजलं. हे थर दिसले कारण तिथे बांधकामासाठी खोल खणलं गेलं होतं. लूणकरणसरच्या तळ्यात जिप्समच्या खाणी आहेत आणि इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यापासून शेतासाठी टिब्बे सपाट होतायत, त्यामुळे ज्या टेकड्यांवर कधी कोणी अभ्यासक चढलेलाच नाही त्या आधी नोंदवून घेणं हे सध्या तिथलं सगळ्यात निकडीचं काम आहे.